परत आलेलं रुखवत

कारेगावात लग्नसराई लागली की मला ती बँडच्या आधी कचऱ्यात दिसते. आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक घरं कंपनीवाल्यांची. खोल्या लहान, माळे त्याहून लहान. धाकट्याचं लग्न ठरलं की घराला रंग देतात, माळा रिकामा करतात, आणि मग जिन्याखालच्या डब्याशेजारी थोरल्या सुनेचं रुखवत येऊन बसतं. पिशवीतून लाकडी बैलगाडीचं जू बाहेर आलेलं असतं. एका बैलाला शिंग नसतं. बोटाएवढं मुसळ, रंग उडालेली उतरंड, तळहातावर मावेल असं जातं. ज्या दिवशी हे मांडलं त्या दिवशी मांडवातल्या सगळ्या बायकांनी वाकून वाकून पाहिलेलं असतं. त्यानंतर ते कुणी हातातसुद्धा घेतलेलं नसतं. आधी शोकेसमध्ये, मग माळ्यावर, मग इथं.

मी ती पिशवी उचलून घरी आणते. नवरा दारातच म्हणतो, "आल्या का भंगारवाल्या मॅडम?" म्हणू दे. त्याच्या गाडीची किल्ली रोज ज्या खुंटीवर असते ती अशाच एका पिशवीतली आहे.

रुखवताच्या लाकडाचं एक बरं असतं. ते शोभेचं असल्यामुळे त्याने कधी काम केलेलं नसतं, म्हणून झिजलेलं नसतं. गाडीची चाकं सोडवायची, दोन्ही एका पट्टीवर ठोकायची, खालच्या कडेला हुक फिरवायचे, झाली किल्ल्यांची खुंटी. जात्याची वरची तळी सुटी केली की मधल्या भोकात उदबत्ती बसते आणि राख तळीवरच राहते. बैल पाठीला पाठ लावून चिकटवले तर मधल्या खाचेत मोबाईल उभा राहतो. उतरंडीतलं सगळ्यात मोठं मडकं माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे, त्यात पेनं असतात. डिस्पॅचमधला बिहारचा पोरगा एकदा म्हणाला, "मॅडम, ये तो हमारे यहाँ सिंदूर रखने का होता है." म्हटलं, आमच्याकडे यात काहीच ठेवत नाहीत, नुसतं बघतात. त्याला पटलं नाही. मलाही कधी पटलं नव्हतं.

हे सगळं मी शिकले ते एका उन्हाळ्यात. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, वंदीचं, लग्न.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं चाललेले. निम्मं आयुष्य चालून झाल्यावर आजोबांनी केडगावच्या पुढं, भीमेच्या अंगाला जमीन धरली आणि आम्ही शेतकरी झालो. वंदी दहावीनंतर घरी राहिली, मी दौंडच्या कॉलेजात गेले. धाकटीचं आधी ठरलं म्हणून बायका आईला आडून आडून विचारायच्या, "थोरलीला तशीच ठेवून धाकटीचं कसं काय वो?" आईच्या आधी आप्पाच उत्तर द्यायचे, "तिचे पेपर हायेत." पेपर म्हणजे कुणी मोठ्या घरचं स्थळ असावं, अशा थाटात. आप्पांना पेपर कशाचे ते माहीत नव्हतं. पण त्यांनी ते वाक्य त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी लोकांनी विचारायचं सोडलं.

तो उन्हाळा आठवला की आधी वास येतो. जवळच्या गुऱ्हाळाचा, उकळत्या रसाचा गोड, जडसा वास. त्यात तापलेल्या पत्र्याचा, त्यात पांढऱ्या डिंकाचा. मी पडवीत भिंतीला टेकून अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन बसायचे, समोर वंदी गोणपाट पसरून लाकूड घासत बसायची. पॉलिशपेपरचा खर्र खर्र आवाज चालू. आजही कुठं सुताराचं काम चालू असलं की मला मागणीचा नियम आठवतो.

बाजारात तयार रुखवत मिळत होतं. थर्माकोलचं देऊळ, प्लास्टिकची विहीर, मण्यांची तुळस. आई म्हणाली, घेऊन टाकू, एक काम हातावेगळं होईल. वंदीने नाक मुरडलं. "तसलं समद्यांच्याच लग्नात असतंय. काल मांडलेलंच आज दुसरीकडं मांडत्यात का काय, असं वाटतंय." मग ती सरळ माळ्यावर चढली आणि हिराआत्याची पत्र्याची पेटी खाली घेतली.

हिराआत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं तेव्हा घरात मेंढरं होती. आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. परतीच्या वाटेवरच्या कुठल्याशा बाजारातून त्यांनी लेकीसाठी लाखेच्या रंगाची लाकडी भातुकली आणली होती. लाल, पिवळी, मधे काळ्या रेघा. गाडी, बैल, जातं, उतरंड, आणि एक नवरानवरीची जोडी. आमच्याकडच्या रुखवतात असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. काही वर्षांनी आत्याच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली. आजोबा तिच्या सासरी गेले आणि लेकीला घेऊन आले. सासरच्यांनी तांब्यापितळेची भांडी ठेवून घेतली आणि रुखवताची पेटी मात्र आठवणीने गाडीत चढवली. त्यांच्या लेखी ते बिनकामाचं होतं.

तेव्हापासून आत्या आमच्याकडेच. आम्हाला दोघींना तिनेच वाढवलं, आई रानात असायची. पण गावात लग्न असलं की आत्या मांडवात दिसायची नाही, चुलीपाशी दिसायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही आणि ये पण म्हणायचं नाही. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, तरी तिला सवाष्णींत धरायचं की नाही हे गावाने कधी ठरवलंच नव्हतं. ज्या त्या बाईने आपापलं ठरवायचं, आणि ते ठरवायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून आत्या स्वतःच पुऱ्या तळायला बसायची.

पेटी खाली आली तशी आई हातातलं काम टाकून आली.

"वंदे, ठेव ती वर."

"का?"

"का म्हंजी? परत आलेलं रुखवत हाय ते. असलं दुसऱ्या पोरीला मांडत न्हाईत."

"कुठं लिवलंय?"

"लिवायला कशाला पायजे? समद्यांना ठावं असतंय."

आई दुष्ट नव्हती. तिला लेकीची काळजी होती. आणि ज्या बाईची ही पेटी, ती चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती, हेही आईला कळत होतं. त्यामुळे ती कुजबुजत भांडत होती. कुजबुजीतलं भांडण जास्त ऐकू येतं.

आत्या आतूनच म्हणाली, "वंदे, तुझी आय बराबर बोलतीया. ठेव वर. माझं नगं तुझ्या लग्नात."

वंदी पेटीवरच बसली. "तुला नको असंल, मला पायजे. आन् मी हाय तसं मांडणारच न्हाई. समदं सुटं करणार, दुसरंच बनवणार. मोडून केलं म्हंजी नवीनच की! आपण जुन्या लुगड्याची गोधडी करतो तवा तिला लुगडं म्हणतो का?"

मी पुस्तकातून डोकं वर काढून म्हटलं, मुद्दा बरोबर आहे. आई माझ्यावर उखडली, "तू वाच ग! तुझे पेपर हायेत!"

शेवटी आईने एक अट घातली. करायचं ते करा, पण ओळखू येता कामा नये. रंग बदलायचा. कुणी विचारलं तर बाजारातनं आणलं म्हणायचं. वंदी लगेच हो म्हणाली. आत्याला कुणी विचारलंही नाही.

आणि मग काम अडलं. वंदी चिकटवायची आणि सकाळी सगळं सुटं झालेलं असायचं. चाक पट्टीवरून घरंगळायचं, मडक्यांची झाकणं गळून पडायची. निळा रंग दिला तर तो पाण्यासारखा गोळा होऊन ओघळायचा आणि खालून लाल तसाच हसायचा. डिंक बदलला, तरी तेच. आई म्हणाली, "बघ, मी सांगत व्हते. त्येलाच यायचं न्हाई तुझ्या लग्नाला." वंदी रडकुंडीला आली.

मी एक झाकण हातात घेतलं तर बोटं गुळगुळीत झाली. वास घेतला. करडईचं तेल.

"आत्या," मी विचारलं, "ह्याला तेल कुणी लावलं?"

आत्या ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. "मीच लावते. दिवाळीला."

"दर दिवाळीला?"

"मग! पयल्या आंघोळीला घरातल्या समद्यांना तेल लागतंय. म्हशीला लागतंय. त्येंनीच काय पाप केलंय?"

वर्षानुवर्षं, आम्ही दोघी मुली तेलाच्या अंगाने न्हाणीपुढं कुडकुडत रांगेत उभ्या असायचो तेव्हा, ही बाई माळ्यावर चढून लाकडाच्या बैलांना तेल चोळत होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईला तर नाहीच. आई तिथंच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं ती चिडली. पण ती हसत होती. "वन्सं," ती म्हणाली, "तेल लावलं आन् उटणं कोण लावणार मग?"

ती गमतीत म्हणाली होती, पण आत्याने ते कामाचं धरलं. डब्यातून डाळीचं पीठ काढलं, एकेका तुकड्याला खसाखसा चोळलं, पोरांना चोळतात तसं. पीठ तेलाने पिवळंजर्द झालं. मग उन्हात टाकलं, परत पीठ, परत ऊन. त्यानंतर पॉलिशपेपर. आणि मग डिंक असा धरला की आजवर सुटलेला नाही. आजही मला कुणी विचारतं, जुन्या लाकडावर डिंक का टिकत नाही, तर मी आधी विचारते, घरात तेल लावणारं कुणी होतं का? पॉलिशपेपरचा भुगा टाकू नका, तोच डिंकात कालवून भोकं बुजवा, हेही मी सांगते. लाख खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका, हे तर सांगतेच. ती निघत नाही. वंदीने निळा, हिरवा, सोनेरी, सगळं करून पाहिलं. लाल काही गेला नाही. शेवटी आईच कंटाळली. "राहू दे लाल," म्हणाली, "लाल काय वाईट न्हाई."

त्यानंतर आत्या रोज दुपारी गोणपाटावर येऊन बसायला लागली. चूल, रान, गोठा सगळं उरकून, हात पुसत यायची आणि म्हणायची, "दे, काय घासायचंय?" मी मोठ्याने पाठ करत असायचे. "मागणीचा नियम. किंमत वाढली की मागणी घटते, किंमत घटली की मागणी वाढते."

"मागणी?" आत्याने मान वर केली. "कुणाला आली मागणी?"

"कुणाला नाही ग. अर्थशास्त्रातली मागणी."

"तिला बी किंमत बघूनच येती व्हय?"

वंदी लोळून हसली. मी पण हसले, आणि पेपरात तो प्रश्न आलाच. उत्तर लिहिताना मला हसू आवरेना, सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेले.

पेटीतलं एकेक करून सगळ्याला नवीन काम मिळालं. राहिली ती नवरानवरीची जोडी. वंदीला ती तशीच मांडायची होती. आईच्या मनात काय ते सगळ्यांना कळत होतं. बाकीचं मोडलं म्हणून नवीन झालं, पण ही जोडी मोडायची कशी आणि न मोडता मांडायची कशी? आत्याने जोडी उचलली, दोन बोटांनी नवरदेव उपटला आणि वंदीपुढं टाकला. "ह्येला कपाटाच्या दाराला लाव. मूठ म्हणून. रोज कान धरून वढायचा, दार उघडायचं."

"आणि नवरी?"

"ती राहू दे माझ्यापाशी. तिला काय काम लावू नगंस. लई केलंय तिनं."

वंदी आता शिरूरला असते. तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला तो नवरदेव अजून आहे, ओढून ओढून त्याचा फेटा झिजलाय. तिच्याकडे आता ऑर्डरी येतात. लोक आजीची, आईची रुखवतं घेऊन येतात आणि म्हणतात, ह्याचं काहीतरी करून द्या, टाकवत नाही. हे "टाकवत नाही" मला कळतं. एखादी वस्तू निव्वळ बघायची म्हणून एकदा मांडली की तिचं पुढं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. ती वापरायची नाही, विकायची नाही, फेकायची नाही. माणसांचंही असं करून ठेवतात. मी पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, "ते लाव, पर नोकरीचं बघ." मला ते तेव्हा लागलं. पण बरोबर होतं.

आत्याचे गुडघे आता गेलेत. फोन केला की आधी विचारते, "काय नवीन मोडलं का?"

वंदीचं लग्न दारातच होतं. मांडवात भिंतीला लागून टेबल, त्यावर रुखवत, त्यावर पांढरं कापड. आमच्याकडे नवऱ्याकडच्या बायका येऊन कापड काढतात, एकेक वस्तू बघतात, आणि मग दोन्हीकडच्या बायका ओळीने बसून नाव घेतात. आत्या अर्थातच मागच्या चुलीवर होती. वंदी हळदीच्या अंगाने उठली, मागं गेली, आणि आत्याच्या हातातला झारा काढून माझ्या हातात दिला. "ताई, तू तळ."

मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, "बी.ए. झालीस ना? शिक." मी झारा शेजारच्या काकूंना दिला आणि दोघींच्या मागं मांडवात आले. हे मला चुकवायचं नव्हतं.

आत्या टेबलापासून लांब, खांबाला धरून उभी राहिली. नवऱ्या मुलाची चुलती पुढं झाली. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली बाई. तिने कापड काढलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आगं बया! हे काय काय केलंय?" खुंटीवरचे हुक ओढून बघितले, जात्यात उदबत्ती खोवून बघितली, मडक्यांची झाकणं लावून केलेल्या मुठी फिरवून बघितल्या. "माझ्या रुखवताची गाडी वीस वरसं पेटीत पडलीया. आन् हितं बघा, गाडी भिंतीला! ही चाकं कुठनं आणली वो? बाजारात असली न्हाई भेटत."

मी आईकडे पाहिलं. बाजारातनं आणलं, एवढंच म्हणायचं होतं. आईनेच तसं ठरवलं होतं, आम्हाला पढवलं होतं. आईने पदर सारखा केला.

"आमच्या वन्संची हायेत," ती म्हणाली. "त्येंच्या रुखवतातली. समदं त्येंचंच हाय. ह्या बघा, ह्या."

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. आमच्या गावच्या बायका मात्र खाली बघायला लागल्या, कारण पुढचा प्रश्न त्यांना माहीत होता. तो आलाच. चुलतीने अगदी सहज, प्रेमाने विचारलं, "असं व्हय! कुठं दिलंया वन्संस्नी?"

वंदीने माझा दंड धरला. तिची नखं मला लागत होती. आता ही बाई काय म्हणेल, कापड परत टाकायला सांगेल का, आणि आत्या वळून परत चुलीकडे गेली तर ती पुन्हा कुठल्याच मांडवात येणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

आत्याने खांब सोडला.

"दिलं व्हतं एका ठिकाणी," ती म्हणाली. "माणूस पोकळ निघाला. लाकूड तेवढं भरीव व्हतं. लाकूड घेऊन परत आले."

चुलतीला जे हसू फुटलं ते तिला आवरेना. डोळ्याला पदर लावून ती हसत होती, तिच्या मागच्या बायका हसत होत्या, आमच्या गावच्या बायका आधी एकमेकींकडे बघून आणि मग मोकळ्याने. "या वो वन्सं, या अशा म्होरं," म्हणून तिने आत्याचा हात धरला आणि ओळीत आपल्या बाजूला बसवलं. नाव घेणं सुरू झालं. एकीने घेतलं, दुसरीने घेतलं, चुलतीने चांगलं लांबलचक घेतलं. आणि कोपराने आत्याला ढोसलं. "आता तुमी."

"मी कुणाचं घेऊ?"

"कुणाचं बी घ्या. तुमच्या मर्जीचं घ्या."

आत्याने जरा विचार केला. पिठाचे हात लुगड्याला पुसले, आणि म्हणाली,

"गाडी मोडून चाकं लावली खुंटीसाठी दारात,
हिराबाईचं नाव घेते भावाच्या घरात."

"आँ? हिराबाई कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"मीच की," आत्या म्हणाली.

चुलतीने मांडीवर थाप मारली. "आलं नाव, आलं! चला, फुडची कोण?"

आणि आत्याच्या शेजारच्या बाईने घसा साफ केला.